पाऊण मीटर

कुंदा, घाबरायचं काही नाही.
पाऊण मीटर म्हणजे एक ब्लाउजपीस.
तू दिवसाला असे पंचवीस कापतेस.

पण मोबाइलवरचा पाऊण मीटर
आणि आपल्या कात्रीखालचा पाऊण मीटर
यांचं एकमेकांशी पटत नाही,
हे मला मुळकीला नाकातोंडात
खारं पाणी गेल्यावर कळलं.
निनाद तुला मंगळूरला बोलावतोय, फळीवर उभी करणार म्हणतोय,
म्हणून आधीच सांगते.
शटर उचलायला वीस मिनिटं आहेत.
पोह्यांवर जीरावण घाल आणि ऐक.

पहिला आकडा सगळेच वाचतात. उंची.
तू दुसरा बघ. सेकंद.
एक लाट गेली की पुढची किती वेळाने येते.
सहा असले तर समुद्र राजवाड्यापुढच्या ई-रिक्षांसारखा,
एक चुकवावी तो दुसरी अंगावर.
नऊ-दहा असले तर उठता येतं,
फळी सरळ करता येते,
पदर असता तर खोचताही आला असता.
चौदा दिसले की वाळूत बसून राहा.
ती लाट फार लांबून चालत आलेली असते,
कुठल्यातरी वादळाच्या घरून,
आणि एवढं चालून आलेलं माणूस
दारात हळू बोलत नाही.
लिहिलेलं असतं पाऊण मीटर, लागते छातीला.

मग वारा.
हा मी आठ दिवस उलटा वाचत होते.
पूर्व लिहिलं की तो पूर्वेकडून येतो.
आपली बऱ्हाणपूरची मावशी नाही का,
येते बऱ्हाणपूरहून, तशी.
मुळकीला पूर्वेला जमीन आहे.
जमिनीवरून हलका वारा असला
तर तो लाटेला समोरून धरून ठेवतो,
फॉल लावताना मी डाव्या हाताने
साडीची कड ताणून धरते ना, तसा.
दुपारी हाच वारा फिरतो
आणि सगळं पाणी चुरगळून टाकतो.
सकाळी सहाला जा. खाऊन जाऊ नको.

खाली एक रेघ असते, डोंगर काढल्यासारखी.
भरती-ओहोटी. ती चढत असताना जा.
तळाला असताना पडलीस
तर पाण्याआधी जमीन लागते.
माझा गुडघा पाहिलायस.

आणि हे झालं की मोबाइल ठेवून दे.
ते मला लोहितने शिकवलं, तेवीस वर्षांचा पोरगा.
मी त्याला सगळं वाचून दाखवलं,
पाऊण मीटर, दहा सेकंद, पूर्वेचा वारा, चढती भरती.
पहिल्या नंबरात पास झाल्यासारखी उभी होते.
तो कमरेवर हात ठेवून
दहा मिनिटं नुसता समुद्राकडे बघत राहिला.
मग म्हणाला, आंटी, आज डावीकडे नको.

डावीकडे तर लाटाच नव्हत्या.
गुळगुळीत पट्टा, इस्त्री केल्यासारखा.
मी असते तर तिथेच शिरले असते.
तिथूनच पाणी परत आत ओढत होतं.

कुठल्या तक्त्यात होतं ते?

अठरा वेळा पडले.
एकदा उभी राहिले. चार सेकंद.
लोहितने मोजले, मला विचारशील तर जास्त होते.

इथून समुद्र कुठल्या कुठे.
सिरपूरच्या तलावात बदक गेलं तर जेवढं हलतं तेवढंच.
तरी रोज बघते, देवाला दिवा लावायच्या आधी,
कुणाला सांगू नको.
आज अर्धा मीटर, आठ सेकंद,
वारा ईशान्येकडून, अगदी जेमतेम.
चांगला दिवस आहे तिथे कुणाचातरी.

चल, उचल शटर.
ती जांभळ्या साडीवाली आलीच बघ,
पिको कधी मिळेल विचारेल.
साडेपाचला सांग.
भरती पूर्ण व्हायची वेळ आहे, लक्षात राहील.